बोट फिरती, पण कागदांना पत्ता लागतोच

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

शिडाच्या बोटीवर बिऱ्हाड थाटून परदेशी बंदरांत फिरणाऱ्यांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. वारा, नांगर, सोलर पॅनल, गोड्या पाण्याची काटकसर असे सगळे त्यात नीट आले होते. कागदपत्रांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले: ‘हल्ली सगळे ऑनलाइन होते.’ ते वाक्य नसते तर हे पत्रही नसते. वादळामुळे बोट एखाद्या बंदरात चार दिवस थांबते. मुदत संपलेल्या बँक कार्डासाठी तीच बोट महिनाभर थांबू शकते. आणि ऑनलाइन काही करायचे तर आधी ओटीपी यावा लागतो. तो कुठल्या नंबरावर येणार, तो नंबर चालू आहे का, बँकेत त्याच्याशी जोडलेला पत्ता कोणता, इथूनच गुंता सुरू होतो.

मुळात घोळ होतो तो एकाच पत्त्याकडून तीन कामे करून घेतल्याने. पहिला पत्ता कायदेशीर निवासाचा. कर कुठे भरता, मतदार कुठले, बँकेच्या केवायसीत काय लिहिले आहे, ते सगळे त्याच्यावर. दुसरा टपाल जमा होण्याचा. तिसरा सामान मागवण्याचा, आणि तो प्रत्येक बंदरात वेगळा. जमिनीवर तिन्ही एकाच दाराशी येतात, म्हणून ते वेगळे आहेत हे कधी जाणवत नाही. बोटीवर जाणारा माणूस बहुधा भावाबहिणीचा पत्ता तिन्ही ठिकाणी देऊन मोकळा होतो. वर्षभर चालते. मग पाकिटे साचतात, दुसऱ्याचे टपाल उघडावे की नाही या संकोचात कराची नोटीस तशीच पडून राहते आणि उत्तर द्यायची मुदत निघून जाते. नातेवाईक निष्काळजी असतात असे नाही. कुठले पाकीट तातडीचे, हे त्यांना बाहेरून कळत नाही.

म्हणून निघण्याआधी टपाल कमी करणे हे पहिले काम. यासाठी पूर्ण वर्षभराचे टपाल वहीत नोंदवावे. चार महिन्यांच्या टपालावरून केलेली यादी अपुरी पडते, कारण विम्याचे नूतनीकरण, गुंतवणुकीचे करपत्रक, मालमत्ता कराचे बिल ही पाकिटे वर्षातून एकदाच येतात. यादीतले जे जे ई-मेलवर जाऊ शकते ते पाठवणाऱ्याकडे स्वतः बदलून घ्यावे. टपाल खात्याच्या पुनर्निर्देशनावर विसंबू नये. त्याला मुदत असते, आणि बँक कार्डांच्या पाकिटांवर पुष्कळदा ‘पत्ता बदलला असल्यास परत पाठवा’ अशी सूचना छापलेली असते. अशी पाकिटे पुढे जात नाहीत, बँकेकडे परत जातात, आणि मग बँक खात्यावर खूण करून ठेवते.

उरलेल्या टपालासाठी पैसे देऊन चालणारी टपालसेवा घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत फ्लोरिडातले ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज हे छोटे गाव बोटवाल्यांच्या टपालासाठीच ओळखले जाते. पद्धत सगळीकडे साधारण एकच: पाकीट आले की बाहेरून फोटो निघतो, तो आपल्या खात्यात दिसतो, आणि मग उघडून स्कॅन करा, ठेवून द्या, पुढे पाठवा किंवा फाडून टाका यातले एक आपण निवडायचे. अमेरिकेत अशी सेवा घेण्यासाठी टपाल खात्याचा फॉर्म १५८३ भरावा लागतो. दोन ओळखपत्रे लागतात आणि सही नोटरीसमोर किंवा त्या संस्थेच्या माणसासमोर करावी लागते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे जोडप्यातल्या एकाचेच नाव देणे. ज्याचे नाव फॉर्मवर नाही त्याचे टपाल त्या संस्थेने घ्यायचे नसते. लग्नाआधीचे आडनाव अजून कुठल्या खात्यावर असेल तर तेही कळवावे.

अशा सेवेचा पत्ता बँकेला निवासाचा म्हणून देऊ नये. व्यावसायिक टपालपेटीचे पत्ते वेगळ्या यादीत असतात, बँकेचा संगणक ते ओळखतो आणि खाते गोठू शकते. बँकेच्या अर्जात ‘निवास’ आणि ‘पत्रव्यवहार’ असे दोन रकाने असतात ते याचसाठी. निवासाच्या रकान्यात काय लिहायचे हा कायद्याचा प्रश्न आहे, सोयीचा नाही. आणि त्याचे धागे बोटीच्या नोंदणीपर्यंत जातात. ब्रिटनमध्ये छोट्या जहाजांची स्वस्त नोंदणी, म्हणजे नोंदवहीचा तिसरा भाग, तिथे राहणाऱ्यांनाच मिळते. वर्षातले १८५ दिवस ही त्याची कसोटी आहे. कायमचे बोटीवर राहायला गेलेला माणूस ५ वर्षांची ती नोंद निर्धास्तपणे बाळगून असतो, आणि निवासाची अट आपण केव्हाच मोडली हे त्याला नूतनीकरणाच्या अर्जाशी कळते. तिथे न राहणाऱ्यांनी पहिल्या भागात नोंद करायची असते. त्याला वेळ जास्त लागतो आणि मालकीचे पुरावेही जास्त मागतात.

आता ओटीपी. घरचा फोन नंबर रोमिंगवर निव्वळ जिवंत ठेवायला थोडाच खर्च येतो, पण तो ठेवावा लागतो. रिचार्ज चुकला की नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. इंटरनेटवरून चालणारा नंबर घेऊन भागवू म्हणणाऱ्यांनी आधी बँकेला विचारावे, कारण पुष्कळ बँका अशा नंबरावर संदेश पाठवतच नाहीत. जिथे सोय असेल तिथे दर ३० सेकंदांनी आकडा बदलणारे ऑथेंटिकेटर ॲप घ्यावे. त्याला सिग्नल लागत नाही. फक्त फोनचे घड्याळ बरोबर हवे, आणि बोटीवर नेमके तिथेच बिघडते. पूर्वेकडे सरकताना कुणीतरी टाइम झोन न बदलता काटेच हाताने एक तास पुढे करतो. घड्याळ वरवर बरोबर दिसते, पण फोनच्या आतली जागतिक वेळ तासाभराने चुकते आणि प्रत्येक आकडा नाकारला जातो. तीन वेळा नाकारला की खाते बंद. उपाय साधा: वेळ आपोआप ठेवा, नाहीतर फक्त झोन बदला. ते ॲप दुसऱ्या एका फोनवरही असू द्या, कारण डिंगीतून, म्हणजे किनाऱ्यापर्यंत ये-जा करायच्या छोट्या होडीतून, धक्क्यावर चढताना खिशातला फोन पाण्यात जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. राखीव कोड मात्र कागदावरच लिहून ठेवावेत.

कार्डे दोन वेगवेगळ्या बँकांची हवीत. एक पाकिटात, एक बोटीत लपवलेले. छापलेल्या महिन्याच्या शेवटी कार्ड संपते. त्याआधी तीन महिने बँकेला कळवून नवे कार्ड टपालसेवेकडे मागवावे आणि एखाद्या खात्रीच्या बंदरात कुरिअरने घ्यावे. त्या पाकिटात फक्त कागद असू द्यावेत. पाठवतोच आहोत तर त्यातच डिझेलचा फिल्टरही घाला, असा मोह हटकून होतो. पण नुसते कागद दस्तऐवज म्हणून जकातीशिवाय पुढे जातात. एक फिल्टर घातला की अख्खे पाकीट माल ठरते, जकातीत अडकते, आणि पैसे भरायचे तर कार्ड आतच!

सुट्या भागांच्या पार्सलाची बातच वेगळी. ते कुठे मागवायचे हे ठरवताना नकाशा पाहू नये, मुक्काम पाहावा: जिथे निदान तीन आठवडे नक्की आहोत, जिथे विमानतळ आहे आणि कुरिअर कंपनीचे स्वतःचे ऑफिस आहे, तिथेच. मरीनाला, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या खासगी धक्क्याला, आधी विचारावे. आपण पोचण्याआधी आलेले पार्सल काही मरीना परत करतात. पत्त्यावर पासपोर्टावरचे नाव, बोटीचे नाव, ‘यॉट इन ट्रान्झिट’ (प्रवासात असलेली बोट) हे शब्द, मरीनाचे नाव आणि तिथला स्थानिक फोन नंबर हवा. फोन नंबर नसेल तर कुरिअरचा माणूस फाटकापर्यंत येतो आणि ‘कोणी सापडले नाही’ असे लिहून जातो.

बिलाच्या तीन प्रती पार्सलाच्या बाहेर, पारदर्शक पिशवीत चिकटवायच्या. वर्णन ‘बोटीचे सामान’ असे कधीच नाही. ‘डिझेल इंजिनाच्या समुद्री पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर, २ नग’ असे लिहावे, पुढे एचएस कोड (जकातीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा), किंमत आणि बनल्याचा देश. ‘गिफ्ट’ लिहिल्याने सुटका होत नाही, उलट संशय येतो. बऱ्याच देशांत परदेशी बोटीच्या दुरुस्तीच्या सामानावर जकात लागत नाही, पण ती सवलत आपोआप मिळत नाही. कुरिअर कंपनीचा दलाल सवयीने नेहमीची जकात भरून पार्सल सोडवतो आणि बिल आपल्या हाती देतो. माल यायच्या आधीच त्याला नोंदणीची आणि देशात प्रवेश केल्याच्या जकात कागदाची प्रत पाठवावी, आणि ‘जकात भरू नका, सवलतीखाली सोडवायचे आहे’ असे लेखी कळवावे. काही ठिकाणी जकातीचा माणूस पार्सलाबरोबर बोटीपर्यंत येऊन सामान आत गेल्याची नोंद करतो. त्याच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. धोक्याच्या वेळी उडवायचे फ्लेअर टपालाने पाठवताच येत नाहीत, आणि ईपर्बची, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदतीची हाक पाठवणाऱ्या यंत्राची, लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते. ती बदलायची तारीख जवळ आली की सेवा केंद्र असलेले बंदर मार्गात धरणे हाच मार्ग.

टपाल कचेरीत राखून ठेवायची जुनी सोय अजून चालते. फ्रेंच मुलखात पोस्ट रेस्तांत, स्पॅनिशमध्ये लिस्ता दे कोरेओस, इटलीत फेर्मो पोस्ता, अमेरिकेत जनरल डिलिव्हरी. अमेरिकेत जास्तीत जास्त ३० दिवस ठेवतात. आडनाव मोठ्या अक्षरांत लिहून खाली रेघ मारावी, आणि खिडकीवर ‘नाही’ म्हणाले तर पहिल्या नावाच्या खणातही बघायला सांगावे. परक्या नावांत आडनाव कुठले, हे त्यांना कळत नाही.

बंदरातल्या कागदांकडे वळू. नव्या देशात पोचल्यावर पिवळा क्यू झेंडा लावायचा आणि परवानगी मिळेपर्यंत कप्तानाखेरीज कुणी उतरायचे नाही, हे सगळ्यांना माहीत असते. पिवळ्या झेंड्याआधीही एक पायरी असते, ती मात्र विसरली जाते. न्यूझीलंडला येण्याची सूचना किमान ४८ तास आधी द्यावी लागते. ऑस्ट्रेलियाला किमान १२ तास आणि जास्तीत जास्त ९० दिवस आधी. हे फॉर्म मागच्या बंदरात, इंटरनेट आहे तोवर भरून पाठवावेत. कॅरिबियनमधल्या अनेक बेटांवर सेलक्लिअर नावाची सामाईक संगणक व्यवस्था आहे, पण तिथे फॉर्म भरला म्हणजे काम झाले असे नाही. ऑफिसात जाऊन सही-शिक्का घ्यावाच लागतो.

ऑफिसात मूळ कागद लागतात ते नोंदणी, सगळ्यांचे पासपोर्ट, विमा आणि मागच्या देशाचा निघाल्याचा दाखला. स्पॅनिश बंदरांत त्याला झार्पे म्हणतात. तो नसेल तर पुढचा देश दंड करू शकतो किंवा मागे फिरायला सांगू शकतो. एकदा दाखला घेतला की रेंगाळू नये. तो थोड्या वेळापुरता असतो, वारा पडला म्हणून चार दिवस थांबायचे असेल तर परत जाऊन तारीख बदलून घ्यावी. क्रू लिस्टच्या आठ-दहा प्रती छापून ठेवाव्यात: पासपोर्टावर आहे तसेच नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक, त्याची मुदत, बोटीवरचे काम. महिना अक्षरांत लिहावा. ०४/०५ याचा अर्थ एका देशात ४ मे होतो, दुसऱ्यात ५ एप्रिल, आणि जकातीची तारीख चुकली की निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो. बोटीचे नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला रबरी शिक्का बनवून घ्यावा. कायद्याने त्याला काही किंमत नाही, तरी शिक्का असलेला कागद खिडकीवरून लवकर सुटतो.

पाहुणा विमानाने येऊन बोटीने जाणार असेल तर अडचण विमानतळावरच येते. परतीचे तिकीट नाही म्हणून विमान कंपनी त्याला चढू देत नाही. त्याच्याजवळ कप्तानाचे सहीचे पत्र, नोंदणीची प्रत आणि त्याचे नाव असलेली क्रू लिस्ट द्यावी. उलट, कुणी बोट सोडून विमानाने परतणार असेल तर इमिग्रेशनमध्ये त्याचे नाव यादीतून कमी करून घ्यावे. नाहीतर निघताना माणूस कमी भरतो आणि त्याचा जाब कप्तानाला द्यावा लागतो. बोटीच्या नोंदणीवर दोन मालक आणि बोटीवर एकच असेल तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र हवे.

आता मुदती. माणसाची मुदत वेगळी, बोटीची वेगळी. युरोपात शेंगेन भागात, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या देशांच्या गटात, परक्या नागरिकाला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. ‘कुठल्याही’ हा शब्द महत्त्वाचा. दर सहामाहीला नवे ९० दिवस मिळतात असे नाही. त्या त्या दिवशी मागे १८० दिवस मोजायचे, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरायचे. बोटीला मात्र, मालक युरोपीय संघाबाहेर राहत असेल तर, १८ महिने करमुक्त राहता येते. म्हणजे माणसाने बाहेर जायचे, बोट तिथेच राहू शकते. बोटीची मुदत संपत आली की तिला तुर्कस्तान, अल्बेनिया, ट्युनिशिया अशा ठिकाणी नेऊन आणतात. ती खरेच गेली होती याचा पुरावा ठेवावा: तिथल्या बंदराचा शिक्का, मरीनाचे बिल, डिझेलची पावती. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने पासपोर्टावरच्या शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात केली. त्यामुळे छोट्या बंदरातून निघताना बाहेर पडल्याची नोंद झाली का, हे विचारूनच दोर सोडावा. नोंद राहिली तर कागदोपत्री आपण आतच असतो आणि दिवस वाढत राहतात. अमेरिकेत पात्र देशांच्या बोटींना वर्षापर्यंतचा क्रूझिंग परवाना, म्हणजे तिथल्या बंदरांत फिरण्याचा परवाना, मिळतो, पण पुढचा मिळायला किमान १५ दिवस देशाबाहेर राहून परदेशी बंदरातून परत यावे लागते.

पासपोर्टाची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली की कित्येक देश दार बंद करतात. परदेशात तो नवा करायचा तर वकिलातीत जुना द्यावा लागू शकतो, आणि पासपोर्ट हाती नसताना देशाबाहेर निघण्याचा दाखला मिळत नाही. म्हणून हे काम वादळी मोसमात बोट एका जागी असते तेव्हा उरकावे. नवा क्रमांक आला की क्रू लिस्ट, विमा, टपालसेवा सगळीकडे बदलावा. जुना पासपोर्ट, त्यात चालू व्हिसा असेल तर, बरोबरच ठेवावा.

बोट विकत घेऊन झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलला की रेडिओचे कागद सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतात. एमएमएसआय क्रमांकाचे (रेडिओवर बोट ओळखायच्या क्रमांकाचे) पहिले तीन आकडे देशाचे असतात, त्यामुळे झेंड्याबरोबर तोही बदलतो. व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ) आणि एआयएस (बोटीची जागा इतरांना कळवणारे) यंत्रांत तो बहुधा एकदाच भरता येतो, नंतर विक्रेत्याकडून किंवा कंपनीकडून पुसून घ्यावा लागतो. ईपर्बमध्येही देशाचा संकेत असतो. तो बदलला की १५ अक्षरांचा ओळखक्रमांक बदलतो आणि नोंदणी नव्याने करावी लागते. अमेरिकेत ती दर २ वर्षांनी ताजी करायची असते. जुनीच नोंद राहिली तर मदतीची हाक भलत्याच देशाच्या केंद्रात आणि आधीच्या मालकाच्या फोनवर जाते.

मुखत्यारपत्र निघण्याआधीच करावे, आणि मोघम नको: कुठली बँक, कुठले खाते, कुठली कामे हे त्यात लिहिलेले असावे. बँकेचा स्वतःचा नमुना असेल तर तोही भरून द्यावा. परदेशात वापरायच्या कागदांवर १९६१ च्या हेग कराराखालचे अपोस्टिल घेऊन ठेवावे. ते फक्त सही-शिक्का खरा असल्याचे सांगते, मजकुराची हमी देत नाही. करारात नसलेल्या देशात त्याच्या वकिलातीकडूनच कागद साक्षांकित करून घ्यावा लागतो.

कागद जपण्याबद्दल एवढेच, की खारी दमट हवा कपाटात बंद केली तरी आत शिरते. मूळ दाखले लॅमिनेट करू नयेत. शिक्क्याचा उठाव तपासता येत नाही आणि अपोस्टिल जोडता येत नाही. झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवावेत. इंकजेटवर छापलेला कागद ओल्या हाताने धरला तरी शाई फुटते, लेझरचा फुटत नाही. पण लेझर प्रिंटर तापताना वीज फार खेचतो आणि बोटीच्या इन्व्हर्टरला ते झेपेलच असे नाही. तेव्हा क्रू लिस्टचा गठ्ठा किनाऱ्यावर लेझरवर छापून आणावा आणि बोटीवरचा इंकजेट अडीनडीला वापरावा. डिझेलच्या आणि मरीनाच्या पावत्या उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात. त्या काही महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून फोटो त्याच दिवशी काढावा. फाइलीचे नाव तारखेपासून सुरू करावे, वर्ष आधी, म्हणजे हवी ती पावती शोधावी लागत नाही.

आणि बोट विकून परत जमिनीवर आल्यावर टपालसेवा लगेच बंद करू नये. अमेरिकेत अशा पेटीवर आलेले टपाल टपाल खाते पुढे वळवत नाही. ते काम त्या संस्थेने करायचे असते आणि तेही सहा महिनेच. वर्षातून एकदा येणारी पाकिटे तोवर आलेलीही नसतात. नवा पत्ता सगळीकडे कळवून पेटी पुढे आणखी वर्षभर चालू ठेवावी.

आपला,
एक वाचक